फीडरवर आलेला ‘अनोळखी’ पक्षी ओळखू येत नसेल तर काय तपासायचं?

समस्या नेहमीचीच आहे. गच्चीवर किंवा अंगणात फीडर टांगलेलं आहे, खाली पाण्याचा सकोरा आहे. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, होले ठरल्या वेळी येतात. मग एक दिवस त्यांच्यातच असा एक पक्षी दिसतो, जो कुठल्याच चित्राशी जुळत नाही. डोकं पांढरं, नाहीतर डोक्यावर पिसंच नाहीत. अर्धा काळा, अर्धा पिवळा. शेपूट गायब. ॲपला फोटो दाखवला तर ते भलत्याच खंडातला पक्षी सुचवतं. कॉलनीच्या ग्रुपवर टाकला तर एक काका ‘सायबेरियातून आला असेल’ म्हणतात, दुसरे ‘नवीन जात दिसते, वनखात्याला कळवा’ म्हणतात.

नागपुरात हे प्रश्न ठरावीक महिन्यांत येतात आणि बहुतेक वेळा त्याच सात-आठ पक्ष्यांबद्दल येतात. धरमपेठेतून येवोत, मनीषनगरातून येवोत की बेसा-पिपळ्याच्या नव्या वस्तीतून, उत्तरं फारशी बदलत नाहीत. फीडरवरचा विचित्र पक्षी हा जवळजवळ नेहमी रोजचाच पक्षी असतो, फक्त आपण त्याला त्या अवस्थेत पाहिलेलं नसतं. म्हणून दुर्मीळ पाहुण्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

सुरुवात रंगापासून करू नका

गडबड इथेच होते. प्रश्न येतो तो ‘पांढरा पक्षी आहे, डोळ्याजवळ काळं आहे, कोणता?’ असा. पण पक्ष्याच्या अंगावर सगळ्यात बेभरवशाचं काही असेल तर तो रंगच. वय वाढलं की तो बदलतो, ऋतू बदलला की बदलतो, उन्हाने उडतो, जनुकातल्या फरकाने तर जन्मापासूनच वेगळा असतो. चोचीची ठेवण, पायांची लांबी, चालायची ढब, बसायची पद्धत आणि आवाज सहसा बदलत नाही.

म्हणून आधी मापाने सुरुवात करा. चिमणीएवढा, बुलबुलएवढा, साळुंकीएवढा, पारव्याएवढा की कावळ्याएवढा? हे पाच पक्षी सगळ्यांच्या नजरेत बसलेले असतात, त्यामुळे सेंटिमीटरच्या भानगडीत पडायचं कारण नाही. मग चोच पाहा. जाड, तिकोनी चोच म्हणजे दाणे फोडणारा. बारीक, सरळ चोच म्हणजे किडे टिपणारा. लांब, बाकदार आणि सुईसारखी असेल तर मध पिणारा. मग चाल पाहा. साळुंकी एकेक पाऊल टाकत ऐटीत चालते, होलाही चालतो. चिमणी आणि बुलबुल उड्या मारतात. पांढरीशुभ्र ‘साळुंकी’ दोन्ही पायांनी उड्या मारत फिरत असेल तर ती साळुंकी नाही, एवढं तिथेच ठरतं.

तो काय खातो आणि कोणासोबत येतो, हे दोन प्रश्न लोक विचारतच नाहीत. बाजरी, राळा, तांदळाची कणी टिपणाऱ्यांची यादी छोटी आहे: चिमणी, मुनिया, सुगरण, होले, पारवे, पोपट. फीडरकडे ढुंकूनही न पाहता नुसता पाण्यावर येणारा पक्षी बहुधा किडे खाणारा असतो. आणि वेगळा दिसणारा पक्षी जर रोज बुलबुलांच्याच जोडीने येत असेल, त्यांच्याच मागे उडून जात असेल, तर त्याच्यावर कितीही पांढरं असलं तरी तो बुलबुल असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

डोकं टकलं आहे

सगळ्यात जास्त फोटो याचेच येतात आणि लोक सगळ्यात जास्त घाबरतात तेही याच पक्ष्याला. कूलरच्या काठावर बसलेली टकली साळुंकी जवळून पाहिली की का घाबरतात ते कळतं. नेहमीचं काळं, चकचकीत डोकं गेलेलं असतं आणि त्या जागी पिवळी, सुरकुतलेली कातडी. एरवी पिसांखाली झाकलेलं कानाचं भोक उघडं पडतं. मान एकदम बारीक दिसते, त्यामुळे डोळे आणि चोच वाजवीपेक्षा मोठी वाटतात. ‘गिधाडाचं पिल्लू आलं’ असा मेसेज येतो तो हिचाच. मानेपासून खाली नजर नेली तर तपकिरी अंग, पिवळे पाय आणि उडताना पंखांतले मोठे पांढरे डाग, सगळं जागच्या जागी असतं.

विणीचा हंगाम संपला की पक्षी जुनी पिसं टाकून नवी घेतात. सहसा हे टप्प्याटप्प्याने होतं, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. काहींची डोक्यावरची पिसं मात्र एकदमच गळतात. दुसरं कारण पिसांतले माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे परजीवी, आणि उवा. पक्षी चोचीने सगळं अंग साफ करतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही, तिथे पायाने खाजवण्यापलीकडे तो काही करू शकत नाही. त्यामुळे ही मंडळी नेमकी डोक्यावर तळ ठोकतात. बुलबुलांतही असे टकले दिसतात आणि त्यांचा तुरा गेल्यामुळे ओळख आणखी अवघड होते. शेपटीखालचा लाल डाग शोधा, काम होतं.

उपाय? काही नाही. पक्षी खातोय, उडतोय, भांडतोय, तर तो ठीक आहे आणि काही आठवड्यांत पिसं परत येतात. ‘कडुलिंबाचं तेल लावू का?’, ‘हळद लावली तर?’ हे प्रश्न दरवर्षी येतात. अजिबात लावू नका. तेलाने पिसं चिकटतात आणि चिकटलेली पिसं पाणीही अडवत नाहीत, ऊबही धरत नाहीत. पक्ष्याला पकडण्याच्या धांदलीत त्याला होणारा त्रास टकलेपणापेक्षा कितीतरी मोठा असतो.

अंगावर पांढरं आहे, किंवा पूर्णच पांढरा आहे

इथे लोक सरसकट ‘अल्बिनो’ म्हणून मोकळे होतात. डोळा पाहा. खऱ्या अल्बिनोमध्ये मेलॅनिन हे काळं-तपकिरी रंगद्रव्य कुठेच नसतं, त्यामुळे डोळे गुलाबी-लाल दिसतात. असे पक्षी नजरेने कमजोर असतात आणि मोकळ्या हवेत फार टिकत नाहीत. तुमच्या फीडरवर महिनोन्‌महिने येणारा, काळ्याभोर डोळ्यांचा पांढरा पक्षी अल्बिनो नसतो. त्याला ल्युसिस्टिक म्हणतात: काही किंवा सगळ्या पिसांत मेलॅनिन पोचलेलंच नसतं, डोळे मात्र नेहमीसारखे असतात.

ओळख पटवायला यातली एक गोष्ट फार कामाची आहे. लाल आणि पिवळे रंग बहुतेक पक्ष्यांत वेगळ्या द्रव्यांचे असतात, मेलॅनिन गेलं तरी ते राहतात. लालबुड्या बुलबुल अख्खा पांढरा झाला तरी बुडाखालचा लाल रंग तसाच राहतो. पोपटाचंही असंच. हिरवा रंग हा पिवळं रंगद्रव्य आणि मेलॅनिन यांच्या मेळातून दिसतो. मेलॅनिन नसेल तर उरतो पिवळाधमक पोपट, चोच लाल आणि नर असेल तर गळ्याभोवती गुलाबी कडं. असा पिवळा पोपट निसर्गातही क्वचित होतो, पिंजऱ्यातून सुटलेलाही असू शकतो. नुसत्या फोटोवरून पैज लावू नका.

कावळ्यांत आणखी एक प्रकार दिसतो, बिस्किटी कावळा. त्याच्यात मेलॅनिन असतं, पण ते काळं न होता तपकिरीच राहतं आणि अशी पिसं उन्हात भराभर विटतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारूच नका. म्हणून एकाच कावळ्याच्या पंखात जुनं पीस मलईसारखं आणि त्याच्या शेजारचं ताजं पीस चॉकलेटी दिसतं. रंगाचा असा उतरता पट्टा दिसला तर तो कुठल्या संकराचा पुरावा नाही, ऊन आणि पिसांचं वय एवढंच त्यामागे आहे.

थोडी पांढरी पिसं दर पिसगळतीनंतर वाढत जाणारी असतील तर ते वयामुळे किंवा निकस खाण्यामुळेही होऊ शकतं. ब्रेड, शेव, फरसाण टाकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पिवळा आहे, पण गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ आहे

याचं उत्तर न पाहताही देता येतं: जांभळा शिंजीर, नर. विणीच्या काळात तो निळा-जांभळा, धातूसारखा चमकतो. वीण संपली की तो हा झगमगता वेश उतरवतो आणि मादीसारखा वरून मातकट-हिरवा, खालून पिवळा होतो. फक्त गळ्यापासून पोटाकडे जाणारी गडद पट्टी तेवढी राहते. हिवाळ्यात परत रंग चढायला लागतो तेव्हा अंगावर निळे-काळे ठिगळ दिसतात. तेव्हाचे फोटो सगळ्यात जास्त फसवतात, कारण दोन शेजारी शिंजीरही एकसारखे दिसत नाहीत. चोच पाहा. ती बाकदार चोच आणि जास्वंदीच्या फुलाला लटकून मागून भोक पाडायची सवय कुठल्याच वेशात बदलत नाही.

हंगामी वेशाचा दुसरा बदमाश म्हणजे सुगरण. पावसाळ्यात नराच्या डोक्यावर पिवळी टोपी आणि चेहऱ्यावर गडद मुखवटा असतो, तेव्हा कोणी चुकत नाही. हिवाळ्यात तो मादीसारखाच तपकिरी रेघारेघांचा होतो आणि चिमण्यांच्या थव्यात मिसळून बाजरीवर येतो. ‘ही चिमणी जाडी का आहे?’ असं वाटलं तर भुवईची फिकट रुंद पट्टी, जास्त जाड चोच आणि आखूड शेपूट तपासा.

आणि चिमणीच्या मापाच्या, सडपातळ पक्ष्याच्या गळ्यावर पिवळा ठिपका, खांद्यावर तांबूस डाग असेल तर ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी. झाडं राखलेल्या भागात, सेमिनरी हिल्स-गोरेवाड्याकडच्या बाजूला ही अपेक्षितच आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अली शाळकरी वयाचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली ‘वेगळी चिमणी’ हीच होती. ती ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत तिथले सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले आणि पुढचं सगळं आयुष्य पक्ष्यांत गेलं. तेव्हा चिमणीबद्दल प्रश्न विचारायला लाजू नका. बंदूक मात्र नको.

कावळा भलत्याच पिल्लाला भरवतोय

कोकिळेचं पिल्लू. कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं, काळपट, अंगावर फिकट ठिपके-पट्टे असलेलं. पंख थरथरवत तोंड वासतं आणि कावळा इमानाने भरवतो. पावसाळ्याच्या दिवसांत हा देखावा नागपुरात कुठेही दिसतो. मोठी झालेली मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची आणि लाल डोळ्यांची असते. तिला लोक ससाणा समजतात. पपईच्या फोडीवर ताव मारणारा ससाणा नसतो, एवढं लक्षात ठेवा.

खऱ्या शिकारी पक्ष्याची, म्हणजे शिक्र्याची, गल्लत पावशाशी होते. पावशा कोकिळेच्याच कुळातला, पण त्याचा पेहराव हुबेहूब शिक्र्यासारखा असतो. शिक्र्याची चोच आकडीसारखी वळलेली, पाय दणकट, नखं मोठी. पावशाची चोच साधी, पाय नाजूक. मृगाच्या आसपास ‘पेर्ते व्हा’ ही पावशाची हाक ऐकू आली तर प्रश्नच मिटला. फीडरवरचे सगळे पक्षी एका क्षणात चिडीचूप होऊन गायब झाले, तर मात्र तो शिक्राच समजा.

शेपूट नाही

दोन शक्यता. अंगापिंडाने लहान, चोचीच्या कोपऱ्यात पिवळी गादी, उडताना धडपड, तर पिल्लू, शेपूट अजून वाढायची आहे. मोठ्या पक्ष्याची शेपूट गेली असेल तर मांजर किंवा शिक्रा आठवा. हल्ल्यात सापडलेला पक्षी शेपटीची पिसं एकदम सोडून देतो, शिकाऱ्याच्या तोंडात पिसं राहतात आणि जीव वाचतो. पीस मुळासकट निघालं असेल तर तिथे लगेच नवं उगवायला लागतं. अर्ध्यातून मोडलं असेल तर पुढच्या पिसगळतीपर्यंत थांबावं लागतं. बिनशेपटीचा बुलबुल गोलमटोल वेगळाच पक्षी वाटतो. तुरा पाहा. आणि फीडर झुडपाला अगदी चिकटून टांगलेलं असेल तर थोडं लांब सरकवा, मांजर त्याच झुडपात दबा धरून बसतं.

रंग बाहेरून लागलेला

फेब्रुवारी-मार्चमध्ये कपाळ पिवळं झालेले शिंजीर, चश्मेवाले, बुलबुल दिसतात. ते परागकण. पळस-सावर फुललेली असते आणि ही मंडळी त्यात डोकं घालून येतात. एका आंघोळीत ओळख परत मिळते. होळी-रंगपंचमीनंतरचा गुलाबी पारवा कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

याच दिवसांत थव्याने येणारा, खरोखर गुलाबी अंगाचा आणि काळ्या डोक्याचा पक्षी दिसला तर तो रंग खरा आहे: पळसमैना, म्हणजे भोरडी. तिची पिल्लं मात्र वाळूच्या रंगाची, पिवळट चोचीची असतात आणि ती साळुंक्यांच्या थव्यात ‘फिकट साळुंकी’ म्हणून खपून जातात.

हिरव्या-लाल भडक ‘चिमण्या’ वेगळ्या. मुनियांना रंग फासून विकायचा धंदा जुना आहे. रंग पिसांच्या कडा न पाळता सगळीकडे सारखा चोपडलेला दिसतो, पायांवर आणि चोचीच्या मुळाशीही लागलेला असतो. आपल्याकडच्या मुनिया आणि पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. विकणारा ‘हे विदेशी आहे’ म्हणतो, म्हणू द्या.

मग खरोखरच परका असेल तर?

बहुतेक वेळा तो पिंजऱ्यातून सुटलेला असतो. पाठीवर बारीक लाटांची नक्षी असलेला छोटा पोपट म्हणजे बजरीगर. करडा, पिवळ्या डोक्याचा, तुरेवाला आणि गालावर केशरी टिकली असलेला म्हणजे कॉकटील. आखूड शेपटीचा, गुबगुबीत, रंगीत चेहऱ्याचा म्हणजे लव्हबर्ड. पायात कडी, शेपटीची टोकं जाळीवर घासून झिजलेली, माणसाला न घाबरता हाताच्या अंतरावर बसणं, या खुणा पाहा. मे महिन्यात असा पक्षी पाण्याशिवाय फार तग धरत नाही. सकोरा पुढे सरकवा आणि कॉलनीत आधी विचारा, मालक बहुधा दोन गल्ल्या सोडून राहत असतो.

पोपटांत एक घरची गल्लत आहे. राखाडी डोकं, पिवळी चोच, मापाने लहान, ही तोईया पोपटाची मादी. विदेशी नाही, आपल्याच जंगलातली आहे.

एवढं करूनही जमलं नाही, तर फोटोत दोष असेल

दुपारच्या उन्हात आभाळाच्या पार्श्वभूमीवर काढलेला कुठलाही पक्षी काळाच येतो. ऊन तुमच्या पाठीमागे असेल अशा वेळी काढा, सकाळी आठच्या आत सगळ्यात उत्तम. मोबाईलचा झूम शेवटपर्यंत ताणला की फोन पिसं स्वतःच रंगवून टाकतो आणि नसलेल्या रेघा दिसायला लागतात. त्यापेक्षा लांबून काढलेला स्वच्छ फोटो बरा. कूलरच्या पाण्यात नुकताच भिजलेला पक्षी गडद आणि बारीक दिसतो, तो वाळेपर्यंत थांबा. समोरून, बाजूने आणि शेपटीखालून असे वेगवेगळे फोटो हवेत. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे गळतात. आणि थोडा व्हिडिओ घ्या. चाल आणि आवाज त्यातच मिळतो.

पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲप चांगलं आहे, फुकट आहे, पण त्याला पक्ष्यांचे नेहमीचे वेश शिकवलेले असतात. टकल्या साळुंकीला किंवा पांढऱ्या बुलबुलाला ते चुकीचं नाव देईल, यात त्याचा दोष नाही. अशा वेळी फोटो बाजूला ठेवून आवाज ऐकवा. ठिकाण आणि तारीख बरोबर भरली आहे ना, तेही पाहा.

वेगळा दिसतो तो आजारामुळे तर नाही ना?

मे महिन्यात चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी आजारी नसतो. पक्ष्यांना घाम येत नाही, उष्णता ते अशीच बाहेर टाकतात. डोळ्याभोवती, चोचीच्या मुळाशी किंवा पायांवर चामखिळीसारख्या गाठी असतील तर मात्र देवीचा रोग असू शकतो. हा पक्ष्यांचा वेगळा आजार आहे, पण फीडरवरून एकाचा दुसऱ्याला लागतो. पिसं फुगवून, डोळे मिटून तासन्‌तास थाळीतच बसून राहणारा पक्षीही ठीक नसतो.

असं दिसलं तर ओळख नंतर पटवा, आधी फीडर उतरवा. दोन आठवडे दाणे बंद. थाळी आणि सकोरा घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात बुडवून, खळखळून धुऊन कडक उन्हात वाळवा. मातीचा सकोरा फार जुना, शेवाळलेला असेल तर सरळ फेकून नवा आणा. फीडर बंद केल्याने पक्षी उपाशी मरत नाहीत, ते पलीकडच्या गच्चीवर जातात.

खाली पडलेला पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र आहे, वनखात्याची हेल्पलाइन 1926. फोन करताना पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. माप, कुठे सापडला आणि पंख लोंबतोय का, एवढं सांगितलं तरी पुरे.